आठव्या तारेची ऊब

१

नव्या चिपची चाचणी ज्याने त्याने आपापल्या घरीच करायची, असं मालक बानसाहेबांनी ठरवलं तेव्हा कोणी कुरकुर केली नाही. कोरियातल्या देजॉन शहरातल्या त्या लहानशा कंपनीत बाराजण होते, आणि थंडीच्या दिवसांत तापमान मोजण्यासारखं काही ना काही प्रत्येकाच्या घरी असतंच. खुद्द बानसाहेबांनी चिप बसवलेला आपला बोर्ड किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लोणच्याच्या, फ्रिजमध्ये लावला होता. हिवाळाभर फ्रिज किती वेळा उघडतो, म्हणजे सूनबाई किती खाते ते कळेल, असं ते सगळ्यांना सांगत. सून चांगली होती, पण त्यांना असं बोलल्याशिवाय जेवण पचत नसे.

चिपचं काम साधं होतं. तिला आठ तारा, प्रत्येक तारेच्या टोकाला तापमान ओळखणारा मिरीएवढा मणी. दर दहा सेकंदांनी चिप जागी व्हायची, पहिलीपासून आठवीपर्यंत एकेक तार तपासायची, आकडे कंपनीतल्या संगणकाला पाठवायची आणि पुन्हा झोपायची. तीन महिने तिने एकदाही चुकायचं नाही, एवढीच अट होती.

त्यांच्यातल्याच ताक आडनावाच्या सुंगमोने आपला बोर्ड घराच्या जमिनीला दिला. घर सासऱ्यांच्या काळातलं, बैठं. जमिनीखालून बॉयलरच्या गरम पाण्याच्या नळ्या गेलेल्या. एक मणी त्याने बॉयलरपाशी लावला, एक स्वयंपाकघरात, एक दारापाशी, असे सहा मणी घरभर पेरले. सातवा मात्र त्याने मधल्या खोलीतल्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात, जमिनीवर चिकटवलेल्या जाड तेलकट कागदाच्या फरशीखाली सरकवला. त्याची बायको ह्येवॉन दुपारी तिथेच रजई घेऊन आडवी होत असे. ती घरी बसून शाळकरी मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायची. जेवण झालं की तासभर पडायची.

आठव्या तारेला लावायला मणी उरलाच नव्हता. तिचं उघडं टोक त्याने तसंच त्या कोपऱ्यातल्या कपाटामागे सोडून दिलं. रिकामी तार नेहमी शून्याला, म्हणजे बोर्डाच्या ग्राउंडला, बांधून टाकायची हे या धंद्यातलं पोरसुद्धा जाणतं, पण घरच्या कामात माणूस आळस करतो.

सुंगमो संशयी होता. तो त्याला काळजी म्हणे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत बॉयलर दुरुस्त करणारा, ह्येवॉनच्या कॉलेजातला एक चित्रकार मित्र, आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणून देणारा कुरियरवाला, या तिघांवरून त्याने तिला बोलून दाखवलं होतं. तिघांतही काही निघालं नाही. काही निघालं नाही याचंसुद्धा त्याला समाधान वाटत नसे. नीट शोधलं नाही म्हणून निघालं नाही, असं त्याचं मन म्हणायचं. सातवा मणी त्या कोपऱ्यात का लावला, याचं खरं उत्तर त्याने कोणाला दिलं नसतं.

रोज एक वाजून दहा मिनिटांनी कंपनीतल्या पडद्यावर सातवी रेघ वर चढायची. एकोणतीस, एकतीस, तेहतीस. म्हणजे ह्येवॉन आडवी झाली. अडीचला रेघ उतरायची. तो जवाचा चहा पीत ती रेघ बघायचा आणि त्याला बरं वाटायचं. मग तो मंगळवार आला, आणि त्या दुपारी आठवी रेघही चढली.

२

बानसाहेब पडद्यापाशी आले, चष्मा कपाळावर सारला आणि त्यांनी एका नजरेत निदान केलं.

“शिळं आहे ते,” ते म्हणाले. “चिपच्या पोटात एकच वाटी. सातव्या तारेचं वाढून घेते, मोजते, मग तीच वाटी आठवीपुढे धरते. आठवीकडे वाढायला काही नाही, म्हणून वाटीला चिकटलेलं सातवीचंच मोजते. सुंगमो, तार उघडी सोडलीस ना?”

सुंगमोने मान खाली घातली. बानसाहेबांनी मग आवाज मुद्दाम चढवून, चार टेबलांना ऐकू जाईल असं विचारलं की सातवी तार नेमकी कुठे आहे. कोपरा कळल्यावर ते खूप हसले. “अरे, बायको झोपते ते मोजायला सरकारने तुला इंजिनियर केलं का?”

सगळे हसले आणि सुंगमोही हसला. त्याच्या जिवात जीव आला होता. चिपच्या वाटीत आदलं उरतं हे त्यालाही ठाऊक होतं, फक्त बायकोच्या नावापुढे त्याची विद्या चालत नसे.

चार वाजता त्याने आकडे उतरवून घेतले आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. सातवी तार तेहतीसवर होती आणि आठवी चौतीस पूर्णांक सहावर. उरलेलं मूळ वाढलेल्यापेक्षा जास्त कसं असेल? आणि दुसरं म्हणजे आठवी रेघ सातवीच्या चार मिनिटं आधी चढली होती. कोणीतरी आधी येऊन तिथे पडलं, मग ह्येवॉन आली, असंच कोणीही ते वाचलं असतं.

हे त्याने बानसाहेबांना दाखवलं नाही. लोक पुन्हा हसले असते.

३

त्या मंगळवारी ह्येवॉनकडे किमची घालायची होती. चाळीस कोबी, मीठ, मिरचीपूड, मुळे, सगळं अंगणात येऊन पडलं होतं. अर्ध्या दिवसाची रजा काढ म्हणून ती आठवडाभर मागे लागली होती आणि सकाळी त्यावरून दोघांचं वाजलंही होतं. बहिणीला बोलाव, असं सांगून तो निघून गेला होता.

संध्याकाळी तो तोंड कसं दाखवावं या विचारात घरी आला, तर सगळे डबे भरून रांगेत लागलेले. ह्येवॉनच्या बोटांना मिरचीचा लाल रंग होता आणि ती गुणगुणत होती. त्याच्यासाठी तिने डुकराचं मांस उकडून ठेवलं होतं, कोवळ्या किमचीबरोबर खायला. सकाळच्या भांडणाचा मागमूस नव्हता.

बहीण आली होती का, असं त्याने विचारलं. ती नाही म्हणाली. मग चाळीस कोबी एकटीने उचलले का, असं त्याने विचारलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, हसली आणि त्याच्या तोंडात घास कोंबत म्हणाली, “पुरे झाली थट्टा.”

त्याने घास चावला. एवढ्या वर्षांत तिने त्याला असा घास भरवला नव्हता. हा आनंद तिला कोणी दिला? तो दुसऱ्या कोणीतरी दिलेला आनंद होता आणि त्यातलं उरलंसुरलं त्याच्या ताटात पडलं होतं, असं त्याला स्पष्ट वाटलं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या दोन आठवड्यांत कामाच्या दिवशी आठवी रेघ रोज सातवीच्या आधी चढत राहिली, आणि घरातही असं पुष्कळ झालं. तू म्हणालास तसं आईला फोन केला, असं ती म्हणे, आणि तो असं कधी म्हणाल्याचं त्याला आठवत नसे. त्याचा विसराळूपणा घरात प्रसिद्ध होता, त्यामुळे प्रत्येक वेळी त्याची बुद्धी त्याला समजवायची की सकाळी घाईत बोलला असशील. एकदा उबदार कोपऱ्यात रजईखाली त्याला पितळेचा वाडगा सापडला. तिची आई बाहेर गेलेल्या माणसासाठी असा झाकून भात ठेवायची. ह्येवॉनने लग्नानंतर एकदाही ठेवला नव्हता. वाडगा धुतलेला होता आणि अजून कोमट होता.

“हा कोणासाठी?”

“तुझ्यासाठीच की,” ती उत्तरपत्रिकेतून डोकं वर न काढता म्हणाली. “गार भात तुला कुठे चालतो?”

भात त्याने पाहिलाही नव्हता. त्या संध्याकाळी तो तिच्याशी बोलला नाही. तिने दोनदा विचारलं, मग तीही गप्प झाली आणि घर पुन्हा पूर्वीसारखं झालं.

दुसऱ्या दिवशी कामावर बसल्या बसल्या त्याला एक गोष्ट सुचली आणि ती त्याला मुळीच आवडली नाही. चिप दहा सेकंदांनी एकदा बघते. मधे काय झालं ते तिला कळत नाही. दोन आकड्यांमध्ये आपण सरळ रेघ ओढतो आणि मधेही तसंच असेल असं धरून चालतो. तोही बायकोला सकाळी एकदा बघायचा आणि संध्याकाळी एकदा, आणि मधला सगळा दिवस त्याने अकरा वर्षं सरळ रेघेने भरून टाकला होता.

४

सोमवारी सकाळी ह्येवॉन बाजारात गेली असताना त्याने कपाट सरकवलं आणि आठव्या तारेचं टोक बोर्डाच्या ग्राउंडला डाग देऊन पक्कं बांधलं. आता ती तार शून्याला बांधली गेली. पडद्यावर तिची रेघ तळाशी आडवी पडणार, चिपच्या मोजमापाच्या अगदी खालच्या टोकाला, उणे चाळीसवर, आणि तिथून हलणार नाही. जगातली कुठलीही ऊब तिला उठवू शकत नव्हती. एवढं करून तो कामावर गेला.

एक वाजेपर्यंत रेघ तळाशीच होती. एक वाजून सहा मिनिटांनी ती चौतीस पूर्णांक सहावर गेली. चार मिनिटांनी सातवी चढली.

पोट दुखतंय असं सांगून तो निघाला. बानसाहेब मागून काहीतरी खोचक बोलले, ते त्याला ऐकू आलं नाही. टॅक्सीत त्याने काय बोलायचं ते तीन वेळा ठरवलं. त्या माणसाला काय म्हणायचं, तिला काय म्हणायचं. भीती त्याच्या मनाला शिवली नव्हती. आता नक्की सापडणार, या विचाराने उलट त्याला चोरटा आनंद होत होता.

फाटक नुसतं लोटलेलं होतं. अंगणातूनच त्याला तिचं हसणं ऐकू आलं. कॉलेजात असताना ती अशी हसायची, मधे श्वास अडकल्यासारखी थांबून पुन्हा सुरू व्हायची. ते हसणं तो विसरूनच गेला होता. तिच्या हसण्यामधून एक पुरुषी आवाज हळू, संथ, काहीतरी सांगत होता. शब्द लागत नव्हते. सांगणाऱ्याला घाई नव्हती, एवढंच कळत होतं.

दारात तिच्या सपाता होत्या आणि शेजारी पुरुषाचे तपकिरी बूट. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली. सुंगमोने ते बूट बघितले आणि मग खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. त्याच्या पायांत बूट होते. तपकिरीच होते. डावी टाच त्याने वळून बघितली नाही. बाजारात असे हजारो बूट असतात, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि बुटांसकट तो आत घुसला. आपल्या घरात बूट घालून आत जाण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

मधल्या खोलीचं सरकतं दार त्याने ओढलं. ह्येवॉन रजईत बसलेली होती, एकटी. तिच्या अंगाला लागून रजईत माणसाएवढा खळगा होता. तो बघत असतानाच खळगा हळूहळू भरत आला, कोणी उठून गेल्यावर कापूस जसा फुगतो तसा, आणि रजई सपाट झाली.

“काय विसरलास?” ती म्हणाली. मग तिची नजर खाली गेली. “आणि बूट का घातलेस आत?”

तो मागे वळून धावला. दारात फक्त तिच्या सपाता होत्या. अंगणात कोणी नव्हतं आणि लोटलेलं फाटक हललेलंही नव्हतं.

५

त्याने ओरडून विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. किमचीच्या दिवसापासून तो रोज दुपारी घरी येतो, असं ती म्हणाली. येणार नाही म्हणून भांडून गेलास आणि एक वाजता आलास, जरा पडलास, मग बाह्या सरसावल्यास, सगळे कोबी तूच उचललेस. तेव्हापासून रोज येतोस, आधी तू पडतोस, मग मी येते, भात खातोस, बोलतोस आणि जातोस. रात्री त्याबद्दल काढलं की तू वेड पांघरतोस, म्हणून मीही काढत नाही. मला वाटलं, कामावरून चोरून येतोस म्हणून लाजतोस.

सुंगमोला आधी वाटलं की ती आपल्याला बनवते आहे. मग त्याने तिचा चेहरा पाहिला. तो पांढरा पडत चालला होता, कारण तो काय म्हणतो आहे ते आता तिच्याही लक्षात येत होतं.

“मी कामावर असतो,” तो म्हणाला. “रोज. बाराजण साक्षीला आहेत.”

“मग तो कोण?”

खरं तर त्याला दुसराच प्रश्न पडला होता, आणि भलत्या वेळी, लाज सोडून, त्याने तो विचारला. तो काय बोलतो तुझ्याशी?

“काही विशेष नाही,” ती म्हणाली. “मी काय काय केलं ते ऐकतो. दुपारचा तू काही विचारत नाहीस.”

चित्रकार मित्र परवडला असता. कुरियरवालाही परवडला असता. त्यांना शिव्या घालता आल्या असत्या, त्यांच्यापेक्षा आपण कसे बरे हे मोजून दाखवता आलं असतं. आता त्याला ज्याचा हेवा वाटत होता, त्याचं नाव ताक सुंगमो होतं. त्याचे हात तिला ओळखीचे होते, आवाज ओळखीचा होता, आणि ती त्याच्यावर नव्याने जीव लावून बसली होती.

त्या रात्री दोघं वेगवेगळ्या खोल्यांत झोपले. मंगळवार ते शुक्रवार त्याने रजा काढली आणि घरात बसून राहिला. कंपनीतला पडदा त्याने लॅपटॉपवर उघडून ठेवला होता, त्यावर आठवी रेघ तळाशी राहिली. कोणी आलं नाही. ह्येवॉन खिडकीबाहेर बघत उत्तरपत्रिका तपासायची. ती कोणाची वाट बघते आहे हे विचारायची सोय नव्हती, कारण तो समोरच बसलेला होता.

६

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर तो म्हणाला की आता याचा निकाल लावू. तो खोटा आहे हे सिद्ध करायचं असेल तर मी खरा आहे हे सिद्ध केलं की झालं. त्यात अवघड काही नाही. खोलीत ऊन आलं होतं, रस्त्यावर शेजारची मुलं सायकल चालवत होती, आणि अशा उजेडात त्याला सगळंच सोपं वाटत होतं.

बॉयलर त्याने तासभर आधी बंद केला होता. जमीन एकोणीसवर आली. लॅपटॉप त्याने जवळच उघडून ठेवला आणि सातव्या तारेचा मणी फरशीखालून बाहेर काढून वर चिकटवला. आधी तिला झोपायला लावलं. पाच मिनिटांत आकडा एकतीसवर गेला. “बघ,” तो म्हणाला. जमीन परत गार होईपर्यंत ते थांबले. मग तो आडवा झाला, मण्यावर नेमकी पाठ टेकवली आणि तिला आकडे मोठ्याने वाचायला सांगितलं.

“एकोणीस,” तिने वाचलं.

“थांब थोडं.”

“एकोणीस पूर्णांक एक. एकोणीस.”

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मणी सुटला असेल म्हणून त्याने तो उपटला आणि मुठीत घट्ट धरला. मग काखेत धरला. मग तोंडात, जिभेखाली. बुद्धी तेव्हाही काम करत होती. तार तुटली असेल, डाग सुटला असेल, चिप बिघडली असेल. त्याने ह्येवॉनला मण्याला नुसतं बोट लावायला सांगितलं. बोट लागताच आकडा अठ्ठावीसवर गेला. तिने बोट काढलं आणि त्याने मणी पुन्हा ओठांत धरला.

“एकोणीस,” ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज अगदी लहान होता. “अठरा पूर्णांक नऊ.”

ती पुढे वाकली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. त्याला ऊब येते का ते बघितलं, मग तो हात तिने सावकाश जमिनीवर ठेवून दिला. मग ती लॅपटॉपकडे वळली. तिला हे आकडे मागे कसे न्यायचे ते कधी शिकवलेलं नव्हतं, पण अवघड काही नव्हतं. ती एकेक दिवस मागे जाऊ लागली. तो जमिनीवरून तिचा चेहरा बघत होता.

सोमवार. एक वाजून सहा मिनिटं, चौतीस पूर्णांक सहा. आधीचा शुक्रवार, तोच आकडा. गुरुवार, तोच. बुधवार, तोच. सुंगमोनेच सगळं जपून ठेवलं होतं, दर दहा सेकंदांचं, एकही चुकू न देता. किमचीच्या मंगळवारापाशी ती थांबली. तिने पडद्यावरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. तिच्या चेहऱ्यावरची भीती आता गेली होती.

“ह्येवॉन,” तो म्हणाला. “चिप बिघडलीय. उद्या बानसाहेबांना दाखवतो.”

“हो,” ती म्हणाली. तिने लॅपटॉप मिटला, उठून बॉयलर सुरू केला आणि परत येऊन त्याच्या अंगावर रजई घातली, आजाऱ्याला घालतात तशी, मानेपर्यंत, नीट.

“सुंगमो,” ती मायेने म्हणाली, “उद्या कामाला जरा लवकर निघशील का?”